वरच्या मजल्यावरची युद्धसज्जता

कुवेतवर पुन्हा संकट आलंच, तर ते आधी आमच्या वरच्या मजल्यावरच्या गृहस्थांची परवानगी घेऊन येईल, अशी सबाह अल-सालेम वस्तीतल्या आमच्या इमारतीत सगळ्यांची समजूत होती. मुलांनो, हे तुमच्या आजोबांचे सहकारी, मूळचे नाशिकचे, रिफायनरीत सेफ्टीचं काम पाहणारे. नव्वद साली इराकी सैन्य आलं तेव्हा ते इथे अडकले आणि बगदाद, अम्मान असं करत दीड-दोन महिन्यांनी अंगावरच्या कपड्यांनिशी घरी पोचले. पुढे परत आले ते सावध होऊनच. पेट्रोलच्या देशात राहून त्यांनी गाडीची टाकी कधी अर्ध्याच्या खाली जाऊ दिली नाही. घरातल्या सगळ्यांचे पासपोर्ट आणि इकामे, म्हणजे इथे राहण्याचे परवाने, एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून ते लग्नकार्यालाही बरोबर नेत. एकदा सत्यनारायणाला गुरुजींनी विडा मागितला, तर यांनी पासपोर्ट पुढे केला.

आमच्याकडे जेवायला आले की ते टेबलावर नकाशा मांडत. वरणाचं पातेलं म्हणजे इराक, भाताचं सौदी, कोशिंबिरीचा वाडगा समुद्रापलीकडचा इराण आणि मधे लोणच्याची चिमुकली वाटी म्हणजे कुवेत. "तिन्ही घरं मोठी, आणि तेल या वाटीत," ते म्हणत. "दीड तास गाडी चालवली की देश संपतो, मागे सरायला जागा नाही. म्हणून दोस्त लांबून आणावे लागतात आणि लांबच्या दोस्तांना यायला वेळ लागतो. तेवढा वेळ आपला आपण काढायचा." हे होईपर्यंत वरण गार होई, कारण इराक हलवायची कुणाला मुभा नसे. त्यांचं म्हणणं चूक होतं, असं मात्र मला तेव्हाही वाटलं नाही.

दोन हजार तीनच्या सुरुवातीला पुन्हा लढाईची भाषा सुरू झाली. इराक विषारी वायू सोडेल या भीतीनं त्यांनी एका खोलीच्या खिडक्यांना प्लास्टिक आणि टेप लावली आणि बायकोचं मुंबईचं तिकीट काढलं. ती जाईना. नव्वदमध्ये ती मुलांना घेऊन सुट्टीला नाशिकला गेली होती आणि नवरा जिवंत आहे की नाही हे न कळता तिनं ते दिवस काढले होते. एरवी मऊ बोलणारी. पण वाट बघत बसण्याचं काम आपण दुसऱ्यांदा करणार नाही, असं तिनं सगळ्यांना सांगून टाकलं होतं. जिन्यात त्यांचं भांडण ऐकू येई.

"तू इथे राहून काय करणार आहेस?"

"तुम्ही काय करणार तेच."

रोज ते इथेच अडे.

मार्चमध्ये लढाई सुरू झाली. एका दुपारी सायरन वाजला तेव्हा मी आमटीला फोडणी करत होते. गॅस चालू ठेवून स्वयंपाकघर सोडण्याची माझ्या आयुष्यातली ती एकच वेळ. कढल्यात सुक्या लाल मिरच्या जळत राहिल्या आणि धूर शाफ्टमधून वर चढला. वरच्यांनी खिडक्या, दार, किल्लीचं भोकसुद्धा बंद केलं होतं. राहिला होता तो खोलीला लागून असलेल्या बाथरूमचा एक्झॉस्ट पंखा. पुढचं त्यांच्या बायकोनंच मला दुसऱ्या दिवशी सांगितलं. दोघांना एकदम ठसका लागला. त्यांनी कपाटातून कंपनीचा गॅस मास्क काढला, तिच्या तोंडावर चढवला, पट्टे आवळले आणि स्वतः ओला टॉवेल नाकाला लावून भिंतीला टेकून बसले. "अहो, मिरची आहे ही, खालच्या वहिनींची फोडणी जळलीय," असं ती आतून सांगत होती. मास्कमधून त्यांना अक्षर कळेना. बायको निरोपाचं काही बोलतेय असं समजून ते तिचा हात थोपटत राहिले.

धोका टळल्याचा सायरन झाला तेव्हा तिनं मास्क काढून विचारलं, "तुमचा कुठाय?"

कंपनीनं कामावरच्या माणसाला एकच दिला होता.

"म्हणून मला पाठवताय होय," ती म्हणाली.

ते टॉवेल पिळायला उठले.

तिकीट तिनं रद्द करायला लावलं. फोडणीवरून व्याख्यान ऐकावं लागेल म्हणून मी चार दिवस त्यांना चुकवत होते, पण ते काही बोलले नाहीत. त्यानंतर तुमचे आजोबा कामावर गेले की मी वरच जाऊन बसे. खिडक्या झाकल्यामुळे भर दुपारी दिवा लावावा लागे. ती भाजी निवडत असे, ते रेडिओ ऐकत, आणि दोघांच्या मधे एका खुर्चीवर तो मास्क ठेवलेला असे. पुढे कितीतरी सायरन वाजले, पण तो कुणीच घातला नाही.