दोन्काची वाळुंजं

दोन्का जमीन झाडायची. अंगण नव्हे, जमीन. वार्दर नदीकाठच्या तिच्या तुकड्यात वाळुंजाची झाडं दाटीनं लावलेली होती, आणि ही बाई खराटा घेऊन त्यांचं पान न् पान गोळा करायची. मी तिची शेजारीण, पावलिना. कुंपणापलीकडून म्हणायचे, "अगं, आता पोतेरंही फिरव."

"हसतील त्यांचे दात दिसतील," ती मान वर न करता म्हणायची.

तिचा धाकटा दीर स्पासे मात्र हसून थांबणारा नव्हता. दोन्काला मूल झालं नाही, नवराही लवकर गेला, तेव्हापासून याची जीभ मोकाट सुटलेली. भर रस्त्यात म्हणायचा, "वहिनी, तुझ्यात काही रुजलं नाही, जमिनीतही नाही. शोभता हो दोघी." आजूबाजूचे दात काढायचे. एकाच्या तोंडून "पुरे रे" निघेल तर शपथ.

जमीन नासवली कारखान्यानं. शिसं-जस्त गाळायचं ते धुराडं आमच्या डोक्यावर वर्षानुवर्षं ओकत होतं. बंद पडलं, पण विष मातीत मुरलं, विहिरीत उतरलं. त्याआधी दोन्काच्या लाल गोड मिरच्या म्हणजे काय सांगू! शरदात ती अंगणात भाजायला बसली की अख्खी गल्ली पाव घेऊन हजर. मग माती तपासणारी बिल्याना आली आणि म्हणाली, इथलं काही खाऊ नका.

तिनंच दोन्काला वाळुंजाच्या फांद्या दिल्या. "हे झाड मातीतलं विष ओढून खोडात नि पानात साठवतं, मावशी. पानं गळायच्या आत दरवर्षी तोडायचं आणि सगळं कारखान्याच्या बंद खड्ड्यात टाकायचं. जाळायचं नाही, विष राखेत तसंच उरतं. शेळीला घालायचं नाही."

दोन्कानं ते मनावर घेतलं. मरायच्या आधी आपल्या मातीतल्या मिरच्या आपल्या अंगणात भाजायच्या, हा एकच ध्यास. तोडायची, हातगाडीवर लादायची, चढावरून खड्ड्यापर्यंत ओढायची. फांद्या परत फुटायच्या, ही परत तोडायची. केस पिकले, पाठ वाकली. शेवटी एका उन्हाळ्यात बिल्याना माती तपासून म्हणाली, "मावशी, ही एवढी शेवटची तोडणी. वसंतात मिरच्या लाव." त्या दिवशी दोन्कानं मला मिठी मारली. असली थेरं तिच्या स्वभावात नव्हती.

आणि तोडणीच्या तोंडावर पायरीवरून पडून तिचा खुबा मोडला. हिवाळाभर ती शहरातल्या दवाखान्यात.

इकडे स्पासेनं झाडं तोडली. खड्ड्यात नाही, स्वतःच्या अंगणात रचली. वाळल्यावर चुलीत घातली, राकिया दारूच्या भट्टीखाली घातली. मी भांडले. मला म्हणतो, "आगीत विषाचा बापसुद्धा जळतो, म्हातारे. गप घरी जा." आमच्याकडे चुलीची राख वाफ्यातच टाकतात, राख म्हणजे जमिनीचं लोणी. त्यानं ती टोपल्या भरभरून वहिनीच्या तुकड्यावर पसरली आणि कुदळीनं खाली-वर केली.

ईस्टरला दोन्का काठी टेकत आली. तो म्हणाला, "वहिनी, बघ, खत घालून ठेवलंय. आणि म्हणे दीर वाईट."

ती खाली बसली. माती हातात घेतली. मग घरातून चमचा आणला आणि राख वेचायला लागली, भिजून मातीत मिसळलेली राख. मी "ऊठ गं" म्हणत राहिले. बिल्यानानं पुन्हा माती तपासली आणि आकडा सांगताना तिला रडू आलं. इतक्या वर्षांचं मुसळ केरात गेलं हो! दोन्का रडली नाही. तिनं फक्त विचारलं, "पुन्हा लावली तर किती वर्षं?"

जुलैत ती गेली. जमीन स्पासेची झाली. मिरच्यांची रोपं त्यानं मे महिन्यातच दडपून लावली होती, वहिनी पुन्हा अंथरुणाला खिळलेली असताना.

तिच्या चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला त्याच मिरच्या भाजून, कुटून, भांडं भरून टेबलावर आल्या. स्पासे म्हणाला, "वहिनीच्या मातीतल्या. तिची फार इच्छा होती." मी म्हटलं, "खाऊ नका रे, विष आहे ते." पाद्रीबाबांनी डोळे वटारले. मेलेल्याच्या नावानं वाढलेलं आमच्यात नाकारत नाहीत. 'देव तिला क्षमा करो' म्हणायचं आणि तोंडात घालायचं.

"देव तिला क्षमा करो," सगळे म्हणाले. तिला!

स्पासेच्या चिमुरड्या नातीनं पावावर लावून खाल्लं, बोटं चाटली आणि ताटली पुढे केली. आजोबानं तिला आणखी वाढलं.