तीन अक्षरी, शेवटी र

निवृत्त झाल्यापासून मला एका जागी बसवत नाही. पाटबंधारे खात्यात असताना दिवस कधी संपायचा ते कळायचं नाही. आता दूध तापेपर्यंत स्वयंपाकघरात माझ्या चार फेऱ्या होतात. बायको म्हणायची, "तुम्ही जरा बाहेर जाऊन या, म्हणजे मला काही सुचेल." असा बाहेर जाता जाता मी घराजवळच्या वाचनालयात जायला लागलो आणि तिथं शब्दकोड्याच्या नादी लागलो.

तिथं आधीच दोघं होते. एक सर, हायस्कुलात मराठी शिकवून निवृत्त झालेले. ऱ्हस्वदीर्घ चुकलेलं दिसलं की त्यांना ठसका लागतो. दुसऱ्या वकीलबाई. त्या कोर्टात जाण्याआधी तासभर येऊन बसायच्या. त्यांच्या घरात तेलुगू बोलतात, वडिलांचे यंत्रमाग होते, पण कोड्यात मराठी शब्दासाठी त्या सरांशी कडाकडा भांडायच्या. वाचनालयाच्या अंकावर पेन टेकवलेलं ग्रंथपालांना चालत नाही, म्हणून आम्ही तिघंही घरचा पेपर घडी करून आणायचो.

आमच्या पेपरात पूर्वी साधं कोडं यायचं. शंकराचं एक नाव, एक पालेभाजी, असलं. गेल्या वर्षी कोडं करणारं माणूस बदललं असावं. एका सकाळी सूचना होती, "मंडईतले आईबाप". आम्ही तिघं डोकं धरून बसलो. शेवटी वकीलबाई एवढ्या जोरात "पालक!" म्हणाल्या की ग्रंथपालांनी चष्म्यावरून पाहिलं. दुसऱ्या दिवशी "आईमागे लागलेला गुप्तचर". त्याचं उत्तर माहेर. मा म्हणजे आई, हेर म्हणजे गुप्तचर. सरांना हे फार आवडलं. मला मात्र त्या दिवसापासून झोप उडाल्यासारखं झालं. एखादा शब्द अडला की जेवताना घास हातात राहायचा.

हे सगळं सांगतोय ते एका रविवारामुळे. त्या दिवशी दुपारी आमच्या मुलीला पाहायला अक्कलकोटची मंडळी येणार होती. मुलगी फिजिओथेरपिस्ट आहे, इथल्याच एका दवाखान्यात जाते. याआधी तीन ठिकाणी जमलं नव्हतं. घरात सकाळपासून धांदल होती आणि बायकोने मला पुन्हा एकदा बाहेर काढलं होतं.

वाचनालयात त्या दिवशी एकच शब्द राहिला होता. "गावाकडच्या चहाचा भाव अंगावर घ्यावा." तीन अक्षरी. उभ्या शब्दांमुळे मधलं द आणि शेवटचं र मिळालं होतं. पहिला चौकोन रिकामा होता आणि त्याच्यावरून एकही उभा शब्द जात नव्हता.

"पदर," वकीलबाई म्हणाल्या. "अंगावर घेतात तो. झालं."

"चहा कुठंय त्यात?" मी विचारलं.

"चहा नुसता फसवायला टाकलाय हो साहेब."

"हा माणूस एक शब्द फुकट टाकत नाही," सर म्हणाले. पण त्यांनाही दुसरं काही सुचेना. "भाव म्हणजे भावना धरा. पदरात भावना असतेच."

"चहाची भावना?"

"ते मला विचारू नका."

दोघांनी पदर लिहिला आणि पेपर मिटले. मी लिहिलं नाही. घरी येईपर्यंत तो रिकामा चौकोन माझ्या डोळ्यांसमोर होता. पाहुण्यांसाठी आणलेलं दही मी दुकानातच विसरलो, परत गेलो, तेव्हाही तोंडात तेच. चहाचा भाव, चहाचा भाव. दुकानदार म्हणाला, "काका, चहा पावडर पायजे का?"

दुपारी पाहुणे आले. मुलगा, त्याचे मामा आणि आई. मुलगा हैदराबादला एका कंपनीत होता, बोलायला शांत. आई टपाल खात्यातून निवृत्त झालेल्या. नवरा जाऊन दोन वर्षं झाली होती. उन्हाचा कहर होता, कूलर नुसता गरम वारा फेकत होता. बायकोने चुरमुऱ्यांचा सुशीला केला होता. मामा आमच्या पाण्याची चौकशी करत होते, किती दिवसांनी येतं वगैरे. मुलगा आणि आमची मुलगी आतल्या खोलीत बोलायला गेले. मी मामांना उत्तरं देत होतो, पण लक्ष टीपॉयच्या खालच्या कप्प्याकडे. तिथं मी पेपर सरकवून ठेवला होता.

मुलाच्या आईंनी माझी नजर पकडली असावी. त्यांनी वाकून पेपर उचलला, कोडं पाहिलं आणि त्या रिकाम्या चौकोनावर बोट ठेवलं.

"हे राहिलंय का?"

"सकाळपासून."

आपण बसलोय त्या दिवाणावर त्यांनी हात फिरवला. "चादर," त्या म्हणाल्या. "गावाकडं चहाला चा म्हणतात की. भाव म्हणजे दर. चा, दर."

मी जवळजवळ उभाच राहिलो. तीन सोलापूरकर सकाळभर चादर शोधत बसले आणि त्यांना ती सापडली नाही! मी हसायला लागलो, त्याही हसल्या. मामा आणि माझी बायको एकमेकांकडे बघत राहिले. आतून मुलं बाहेर आली तेव्हा आम्ही दोघं टीपॉयवर वाकून आदल्या दिवशीच्या कोड्यावर बोलत होतो; त्यांच्याकडंही तोच पेपर यायचा.

मंडळी गेल्यावर बायकोने मुलीला विचारलं. मुलगी म्हणाली, "बरा वाटला." तिच्या तोंडी हा मोठा शब्द होता. आधीच्या तिघांना तिने नुसती मान हलवली होती. "आमचं काय असेल ते कळवतो," असं मामा जाताना म्हणाले होते, आणि मुलाकडच्यांनी आधी कळवायचं ही आपल्याकडची रीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. नंबर मुलाच्या आईंचा. बायको हातातली पोळी तव्यावर टाकून धावत आली. मी फोन कानाला लावला.

"अकरा उभा काय आला तुम्हाला?" त्यांनी विचारलं.

असं ते सुरू झालं. रोज सकाळी वाचनालयात निघण्याआधी त्यांचा फोन यायचा. त्या म्हणायच्या, "नवरा आणि मी मिळून सोडवायचो. ते गेल्यापासून भांडायला कुणी नाही. पेपर नुसता भरून होतो." आम्ही भांडलो. "उलटं केलं तरी सोनंच" याला त्यांनी कनक सांगितलं आणि मी उगाच अर्धा तास वाद घातला, कारण आधी मला सुचलं नव्हतं. "आठ जखमांच्या खुणा, मनात राहतात" हे मात्र मी त्यांच्या आधी सोडवलं. आठवण. आठ वण. मी सांगितलं तेव्हा त्यांनी फोनवर तो शब्द हळू फोडून म्हटला, आठ, वण. मग म्हणाल्या, "बरोबर आहे."

लग्नाचं कुणीच काढत नव्हतं. पहिल्या दोनतीन दिवसांत आम्हाला तो शुभशकुन वाटला. बायको शेजारणीला म्हणाली, "रोज फोन असतो त्यांचा." पुढे पुढे फोन वाजला की तिच्या कपाळावर आठी यायला लागली.

"रोज बोलता ना त्यांच्याशी? मग विचारा की!"

"असं कसं विचारायचं? मुलीचा बाप मी."

"कोड्यातलं विचारताना नाही लाज वाटत?"

मुलगी संध्याकाळी दवाखान्यातून यायची, चप्पल काढता काढता पाणी मागायची आणि काही विचारायची नाही. पण आधी ती आल्या आल्या अंघोळीला जायची, ती आता दहा मिनिटं हॉलमध्ये रेंगाळायची. मी घरात येरझारा घालायचो. गच्चीत जायचो, खाली यायचो. कोडं सोडवताना अक्षरं चौकोनाबाहेर जायला लागली. वाचनालयात सरांना सगळं सांगितलं तर ते म्हणाले, "सरळ विचारून टाका, प्रश्नाला प्रश्नचिन्ह लावा." वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं. "साहेब, एखादा माणूस रोज बोलतो आणि एकच विषय टाळतो, तेव्हा उत्तर त्याच्याकडे असतं. कोर्टात मी रोज बघते."

दुसऱ्या दिवशी मुलाच्या आईंचा फोन आला तेव्हा मी कोडं उघडलंच नव्हतं.

"एक विचारू का?" मी म्हटलं. "आमच्या मुलीचं काय ठरलं तुमच्याकडं?"

पलीकडे पेपरची घडी घातल्याचा आवाज आला.

"त्याचा नकार आहे," त्या म्हणाल्या. "त्याच दिवशी परत जाताना गाडीत सांगितलं त्याने."

"त्याच दिवशी?"

"हो. कळवायचं म्हणूनच पहिला फोन केला होता मी. तुम्ही उचललात आणि तोंडातून अकरा उभा निघालं. मग रोज वाटायचं, आज सांगू. सांगितलं की हे बोलणं बंद होणार हे कळत होतं मला."

मी फोन ठेवला. राग त्या मुलाचा नव्हता, नकार काय कुणीही देतो. इतके दिवस माझी मुलगी हॉलमध्ये दहा दहा मिनिटं उभी राहत होती, त्याचा होता. बायकोला सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "तरी मी म्हणत होते."

संध्याकाळी मुलीला मीच सांगितलं. ती पाण्याचा ग्लास हातात धरून ऐकत होती.

"म्हणजे त्यांना पहिल्याच दिवशी माहीत होतं."

"हो."

"आणि तुम्ही रोज त्यांच्याशी बोलत होतात."

"हो."

"मला नकाराचं काही नाही, बाबा. पण मी रोज घरी येताना चेहरा नीट करून यायचे. मी वाट बघतेय हे तुम्हा दोघांना कळू नये म्हणून." ग्लास ठेवून ती अंघोळीला गेली. पाण्याचा आवाज बराच वेळ येत राहिला.

मी कोडं सोडवणं बंद केलं. पेपर दारातून उचलायचा आणि तसाच रद्दीत टाकायचा. वाचनालयात गेलो नाही. सरांनी एकदा फोन करून नुसती एक सूचना वाचून दाखवली, मी म्हटलं, नको. दिवस आणखीनच लांब झाले. मी तलावापर्यंत चालत जायचो, तिथं बाकावर बसायचो आणि लगेच उठायचो.

अशाच एका रविवारी सकाळी दाराची बेल वाजली. मुलाच्या आई उभ्या होत्या, एकट्याच, एसटीने आलेल्या. पदराने मान पुसत होत्या. बायकोने दार पूर्ण उघडलं नाही.

"तुमच्याकडं नाही आले," त्या आम्हाला म्हणाल्या. "मुलीशी बोलायचंय. ती नको म्हणाली तर परत जाते."

मुलगी आतून बाहेर आली. केस ओले, टॉवेल खांद्यावर. "या," ती म्हणाली आणि त्यांना दिवाणावर बसवलं. आम्ही दोघं स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिलो, आत जावं की थांबावं ते कळेना.

"चूक माझी आहे," त्या म्हणाल्या. "तुला वाट बघायला लावली."

"कारण काय होतं नकाराचं?" मुलीने विचारलं. "मला खरं सांगा."

"त्याचं हैदराबादला एका मुलीवर मन आहे. मला माहीत नव्हतं. गाडीत बोलला."

"मग मला बघायला आला कशाला?"

"मी म्हटलं म्हणून."

मुलीने खांद्यावरचा टॉवेल खुर्चीच्या पाठीवर टाकला. "आतल्या खोलीत त्याने मला माझ्या कामाबद्दल इतकं विचारलं," ती म्हणाली. "मला वाटलं, याला खरंच ऐकायचंय. तो वेळ काढत होता तर." तिचा आवाज चढला, मग खाली आला. "त्याला सांगा, आईला आधी सांगायला शिक. मला नका सांगू, त्याला सांगा."

"सांगितलंय. पुन्हा सांगते."

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण त्या रडल्या नाहीत. मुलीने बायकोकडे पाहिलं. बायको चहा करायला वळली नाही, म्हणून मुलीनेच केला. कपात साखर घातली की नाही तेही तिला आठवलं नाही, तसाच आणून दिला. त्यांनी तो पूर्ण प्यायला. मग मुलगी स्कूटीची चावी घेऊन म्हणाली, "चला, स्टँडवर सोडते. ऊन वाढतंय."

त्या दोघी रस्त्यात काय बोलल्या ते मला कधी कळलं नाही. मुलगी परत यायला बराच वेळ लागला. आल्यावर ती माझ्यासमोर बसली.

"त्यांचा फोन आला तर उचला, बाबा."

"मला नाही उचलायचा."

"तुम्ही घरात नुसते फिरत असता. आईचं डोकं फिरायची वेळ आलीय." ती थोडी हसली. "फक्त मी घरात असताना नको. मला त्या आवाजाने अजून त्रास होतो."

फोन लगेच आला नाही. आला तेव्हा मुलगी कामाला गेलेली होती. त्यांनी कोड्याचं काही न काढता विचारलं, "मुलगी कशी आहे?" मी म्हटलं, "बरी आहे." आणि त्यानंतर मी पेपर शोधायला उठलो.

आता आठवड्यातून एखादा फोन होतो. बायको अजूनही त्यांना "ती बाई" म्हणते आणि माझा फोन चालू असला की मिक्सर लावते. वाचनालयात मी पुन्हा जातो. वकीलबाई मला मुलीबद्दल काही विचारत नाहीत, याचं मला बरं वाटतं. मुलगी हल्ली दवाखान्यातून उशिरा येते. कुणाशी बोलत असते, कुठे थांबते, ते मी विचारत नाही, आणि न विचारता मला घरात बसवतही नाही. मग मी खाली गेटपर्यंत जातो, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बघतो आणि स्कूटीचा दिवा दिसला की लगबगीने वर येऊन पेपर उघडून बसतो.