चोवीस तासांची बाटली

लग्नाला वर्ष व्हायच्या आत माझ्या घाबरटपणाची ख्याती चाकणच्या कांद्याच्या बाजारापर्यंत पोचली होती. खरं तर मी कसली घाबरट! माहेरी मी विहिरीत उड्या मारणारी मुलगी. पण सासरी आले आणि काही महिन्यांतच, वाकलं की मला काहीतरी व्हायला लागलं. कांदे काढायला वाकावं, हंडा उचलायला वाकावं, की छातीत धडधड सुरू. डोकं असं ठणकायचं की आता फुटतंय. अंगातून घामाच्या धारा, तोंड पांढरंफटक. घटकाभरानं सगळं ओसरायचं आणि मी परत धडधाकट. आता तुम्हीच सांगा, कामाला वाकलं की झटका आणि सावलीत बसवलं की बरी, अशा सुनेला आजारी कोण म्हणेल? लोक मला कामचुकार म्हणत आणि त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच म्हटलं असतं.

सासरे लग्नाआधीच वारले होते, त्यामुळे घरात शब्द चाले तो त्यांच्या थोरल्या भावाचा. त्यांनाही आम्ही मामंजीच म्हणायचो. लिंबं उतरवून झाली, अंगारे लावून झाले, तेव्हा एक दिवस ते ओसरीवर बसून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "पोरीनं भ्या घेतलंय. माहेरी धाडा. बरी झाली तर बघू." त्या "बघू"चा अर्थ घरातल्या मांजरालासुद्धा कळत होता. अशी धाडलेली मुलगी परत येत नसे. मुलाचं दुसरं लग्न होई आणि ती भावाच्या संसारात भाकऱ्या थापत म्हातारी होई. मला त्या झटक्यांपेक्षा ह्याची भीती जास्त होती.

आमचे हे पिंपरीच्या औषधांच्या कारखान्यात कामाला होते आणि तिथंच खोली करून राहत. माणूस सरळ, पण थोरल्या चुलत्यापुढं तोंडातून शब्द फुटायचा नाही. त्यांनी एकच केलं, पण ते मोलाचं केलं. कारखान्याच्या डॉक्टरांना माझं सगळं सांगितलं आणि पुण्याच्या एका इस्पितळात दाखवायची सोय केली. मामंजी कुरकुरले. शेवटी, "पुन्याच्या डाक्टरनं काय काडलं तर ठीक, न्हाईतर तिकडनंच माहेरची गाडी धरा," असं म्हणून त्यांनी जाऊ दिलं.

माझ्याबरोबर सासूबाई आल्या. आत्याबाई म्हणायचे मी त्यांना. बाई कमी बोलणारी आणि जे बोलेल ते खडबडीत. वर्षभरात त्यांनी मला कधी जवळ घेतलं नव्हतं, कधी टोचूनही बोलल्या नव्हत्या. त्यांच्या मनात काय चाललंय ते मला कधी कळायचंच नाही.

इस्पितळात मला वाकायला लावलं, झटका आला आणि रक्तदाबाच्या यंत्रातला पारा बघून डॉक्टर गंभीर झाले. मग आम्हाला लघवी तपासणाऱ्या डॉक्टरांकडे पाठवलं. हे तरुण होते आणि समजावून सांगायची त्यांना हौस होती. आत्याबाईंना म्हणाले, "आजी, वाटेत बिबट्या आडवा आला तर छाती धडधडते ना? मूत्रपिंडावर प्रत्येकाला एक छोटी ग्रंथी असते, ती त्या वेळी रक्तात एक रस सोडते. हिच्यात बिबट्या नसतानाच तो रस सुटत असावा. जास्त झाला की लघवीत उतरतो. चोवीस तासांची सगळी लघवी मला पाहिजे, म्हणजे किती उतरतो ते मोजता येईल." त्यांनी एक मोठी काचेची बाटली दिली. तळाशी थोडं ॲसिड होतं, ते सांडायचं नाही, बाटली गारव्यात ठेवायची, असं बजावलं.

मी बाटली घेऊन परत गेले तेव्हा तिच्यात जेमतेम तळ झाकेल इतकंच होतं. डॉक्टर बाटली उजेडात धरून म्हणाले, "दिवसभराचं एवढंच?" मी मान खाली घातली. पुरुषासमोर काय सांगणार? तेव्हा आत्याबाई म्हणाल्या, "सायेब, आमच्याकडं बाया दिस उगवायच्या आधी जात्यात आन् दिस मावळल्यावर. मधी बाई जायची कुटं? पानीच पीत न्हाई आमी. आन् संध्याकाळी धा बायांत ही बाटली घिऊन जाईल व्हय?"

डॉक्टरांना बिचाऱ्यांना हे कोण सांगणार होतं! त्यांनी बाटली खाली ठेवली. मग, "चूक माझीच, मी विचारायला हवं होतं," म्हणाले आणि दुसरी बाटली दिली. मोठ्या माणसानं आपली चूक अशी सहज कबूल केलेली मी तोवर पाहिली नव्हती. त्या माणसाचं भलं होवो असं आजही मनात येतं.

घरी परतल्यावर आत्याबाईंनी जे केलं, ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. दुसऱ्या दिवशी पहाटेच त्यांनी गोठ्याचा एक कोपरा झाडून घेतला, जुनं लुगडं आडवं बांधलं, आत रांजणाशेजारी ओल्या वाळूत बाटली रोवली आणि मला नेऊन बसवलं. स्वतः गोठ्याच्या दारात ठाण मांडून बसल्या. येणाऱ्या-जाणाऱ्याला एकच उत्तर, "गाय याया झालीय. कुनी आत जायाचं न्हाई, दिठ लागती." आमच्याकडे गाय व्यायला टेकली की बाहेरच्या माणसाला गोठ्यात पाऊल टाकू देत नाहीत, त्यामुळे कुणी शंका घेतली नाही. मामंजीसुद्धा दारापर्यंत येऊन माघारी वळले. गायीला अजून बरेच दिवस होते. ती बापडी माझ्याकडे बघत रवंथ करत होती.

आत्याबाई घटकाघटकानं तांब्या भरून आत सरकवायच्या. "पी." मी म्हणायचे, पोटात जागा नाही. "मंग जागा कर आन् पी." एवढंच बोलणं. वाकलं की मला झटका येतो म्हणून ओतायचं कामही त्यांनीच केलं. चुलीच्या राखेनं घासलेलं नरसाळं बाटलीवर धरून, एक थेंब सांडू न देता. एरवी ह्या बाईचा हात धुतल्याशिवाय पाण्याच्या भांड्याला लागायचा नाही. मी शरमेनं अर्धी झाले होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर मात्र दूध मापताना असतो तसा भाव. रात्रीही त्या तिथंच दारात कांबळं टाकून निजल्या. सकाळी शेजारीण खरवसाच्या आशेनं पातेलं घेऊन आली, तर तिला सांगितलं, "गायीनं इचार बदलला."

बाटली ह्या वेळी गळ्यापर्यंत भरली होती. ओल्या गोणपाटात गुंडाळून आत्याबाईंनी ती पुण्यापर्यंत मांडीवर धरून नेली. एसटीत कंडक्टर म्हणाला, "मावशी, तूप का काय? वर टपावर टाकू?" त्यांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो पुढच्या उतारूकडे वळला. भोसरीच्या अलीकडे गाडीनं मोठा गचका खाल्ला तेव्हा त्यांनी आधी बाटली सावरली आणि मग मला, ह्याचा मला तेव्हा थोडा रागच आला होता.

निकाल काय आला ते आताच सांगून टाकते, उगाच ताणून धरण्यात मला मजा वाटत नाही. तो रस माझ्या लघवीत कितीतरी पटींनी जास्त निघाला. डाव्या मूत्रपिंडावरच्या त्या ग्रंथीत लिंबाएवढी गाठ होती. ती काढताना मी जाते की राहते अशी वेळ आली होती म्हणे, पण राहिले. त्यानंतर मी जन्मभर कांदे काढले, हंडे उचलले, तीन बाळंतपणं केली. त्या गाठीला हात घालणारे सर्जन, तो तरुण डॉक्टर, कारखान्यातले डॉक्टर, आणि चुलत्याला न सांगता जाऊन बोलणारे आमचे हे, ह्या सगळ्यांचं माझ्यावर ऋण आहे आणि ते मानण्यात मला कधी कमीपणा वाटला नाही.

पण हे सगळं पुढचं. ज्या दिवशी आम्ही ती भरलेली बाटली डॉक्टरांच्या हाती देऊन परत निघालो, त्या दिवशी मला ह्यातलं काहीच माहीत नव्हतं. निकाल यायचा होता. चाकणच्या गाडीत मी खिडकीशी बसले होते आणि माझ्या डोक्यात मामंजींचं बोलणं फिरत होतं. भीत भीत मी विचारलं, "आत्याबाई, ह्यातबी काय न्हाई निघालं तर?"

"तर तिसरी भरू."

"आन् त्याच्या आत मामंजींनी मला माहेरी धाडलं तर?"

त्यांनी पदराला हात पुसले. जरा विचार केला आणि सकाळी बाजाराला काय न्यायचं ते विचारावं तशा आवाजात म्हणाल्या, "मंग मी बाटली घिऊन तितं यीन. तुज्या माहेरी आडोसा हाय का न्हाई, तेवडं सांग."

"हाय," मी म्हटलं आणि भर गाडीत, माणसांची पर्वा न करता, त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून रडले. त्यांनी डोकं ढकललं नाही.