मामांच्या खऱ्याखुऱ्या बाहुल्या

खरेपणापायी जेवढा छळ माझ्या मामेसासऱ्यांनी केला, तेवढा अख्ख्या नोएडात कुणी केला नसेल. सरकारी नोकरीतून निवृत्त होऊन ते आमच्या सोसायटीत राहायला आले, तेव्हा घरोघर नुकताच केबल टीव्ही पोचला होता. माझी मुलगी कार्टून बघायला बसली की मामा शेजारी येऊन तिच्या आनंदात माती कालवायचे. रोडरोलरखाली चपटं झालेलं मांजर उठून पळालं की विचारायचे, "ह्याच्या हाडांचं काय झालं?" ती म्हणायची, "आजोबा, कार्टून है ना." एवढ्याने त्यांचा पारा चढायचा. हाडांचा हिशेब लागल्याशिवाय हसायचं नाही, असा हा माणूस.

तरी दर गणपतीत मंडळात बाहुल्यांचा खेळ मामाच करत. मोज्यांच्या बाहुल्या, बटणांचे डोळे. चष्मा सापडत नाही म्हणून नवरा "डोकं आहे की खोकं?" असं ओरडत बायकोला वर्तमानपत्राच्या गुंडाळीने बडवतो, एवढीच गोष्ट. पोरं हसून लोळायची. पण मोजा बोलतो हे मामांना पटेना. वर्षभर खपून त्यांनी कागदाच्या लगद्याची माणसं घडवली. काचेचे डोळे, न्हाव्याकडून आणलेले केस, कपाळावर आठ्यासुद्धा. नमुन्याला दुसरं कोण मिळणार? नवऱ्याला आरशातला स्वतःचा चेहरा दिला, बायकोला मामींचा. "आता लोक दुप्पट हसतील," असं मला बजावलं. अक्कल पेन्शनीत निघाल्याचा याहून मोठा पुरावा नको.

खेळ तोच, संवाद तेच. पहिला फटका बसला आणि मांडव गप्प झाला. दुसऱ्या फटक्याला पुढे बसलेली एक चिमुरडी रडवेली होऊन म्हणाली, "अंकल, आंटी को मत मारो." मामांनी मामींवर कधी हात उगारला नव्हता, पण ते 'डोकं आहे की खोकं' आम्ही त्यांच्या घरी रोज ऐकत होतो. मोज्याच्या तोंडी ते कुणाला ओळखू आलं नव्हतं. मामी शांतपणे उठून घरी गेल्या. खेळ तिथेच संपला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी टोमणे घोळवतच त्यांच्याकडे गेलो. मामी खुर्चीत बसल्या होत्या आणि मामा ओट्याशी चहा करत होते. चमचा हातात धरून त्यांनी विचारलं, "तुला साखर किती लागते?"

मामी म्हणाल्या, "दोन चमचे. तुमचं पथ्य सुरू झाल्यापासून मी बिनसाखरेचाच पिते."

मामांनी दोन चमचे घातले, नीट ढवळलं, कप त्यांच्या हातात दिला आणि पहिला घोट होईपर्यंत तिथेच उभे राहिले. मी दाराशीच थांबलो.