हौसामावशीची मिसरी

माणूस समोर आला की हौसामावशी आधी त्याच्या हिरड्या बघायची. नाव, गाव, नोकरी सगळं नंतर. दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये मी राहायला आले, त्या दिवशी माझं सामान अजून जिन्यातच होतं. वरच्या मजल्यावरून ही बाई पाण्याचा तांब्या घेऊन खाली आली. तिचा नवरा सरकारी गाडीवर ड्रायव्हर. खालच्या घरात कराडकडची मुलगी येतेय, हे त्यानं तिला सांगितलं होतं. मी पाणी प्यायले आणि हसले.

"परत हस बघू," ती म्हणाली. "घासताना रक्त येतंय न्हवं?"

येत होतं. कॉलेजात असल्यापासून येत होतं आणि मी कुणाला सांगितलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिनं ब्लॉकमागच्या पेरूची कोवळी पानं आणून उकळली आणि मला समोर उभं करून चुळा भरायला लावल्या. मग एका डबीत पूड दिली. बाभळीची साल, हिरडा, थोडी लवंग, सैंधव. "दात सगळेच घासतात गं. हिरडीला कोण विचारतंय?" साल गावाकडनंच यायची. दिल्लीत रिजच्या टेकडीवर काटेरी झाडांचं रान आहे, पण ते तिला चालायचं नाही. "ही वेडी बाभूळ. नुसती नावाची. हिला तोंडात घालायची नाही, बिल्कुल." तीन-चार आठवड्यांत माझं रक्त थांबलं.

तिला डॉक्टरांचं वावडं होतं, असं कुणी समजू नये. शेजारच्या कपूर आंटी एकदा सुजलेला गाल घेऊन आल्या. मावशीनं बोटानं दात हलवून पाहिला आणि पूड द्यायला साफ नकार दिला. "हिलता है जी. मेरी पूड से नहीं बैठेगा. डॉक्टर के पास जाओ, आज ही जाओ." आंटी रुसल्या. मावशीनं स्वतः त्यांना रिक्षात बसवून दिलं.

ती स्वतः मात्र मिसरी लावायची. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, चुरायची आणि सकाळ-दुपार-संध्याकाळ बोटानं हिरड्यांवर फिरवत बसायची. भाजायच्या दिवशी सगळा जिना ठसकायचा. कपूर आंटी शेजारून ओरडायच्या, "मिर्ची जल गई क्या?" मावशी घरातूनच म्हणायची, "हां जी, मिर्ची!" आणि माझ्याकडे बघून डोळा मारायची. मिसरी तिनं कधी कुणाला दिली नाही. मी एकदा विचारलं, तर म्हणाली, "पूड औषध. ही माझी खोड. तू शिकलेली हायस, बीएबाई, तू नको या नादाला लागू."

बीएबाई हे नाव मला आवडायचं. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. वडील बाजार समितीत हमाल होते, हे मी ऑफिसात मान वर करून सांगते. जे असेल ते तोंडावर बोलते, त्यामुळे दोन-चार जण माझ्याशी बोलतही नाहीत. पण माझी आईसुद्धा मिसरी लावते, हे मात्र मी दिल्लीत कुणालाही सांगितलेलं नव्हतं.

मावशीच्या खालच्या ओठाच्या आत, हिरडीला लागून पांढरा चट्टा उठला. हळद लावून जाईना, तेव्हा मीच तिला सरकारी दवाखान्यात दातांच्या विभागात घेऊन गेले. रांगेत आमच्या मागे नेमक्या ऑफिसातल्या माझ्या सेक्शनच्या मॅडम उभ्या होत्या. कुणाच्या कपड्यांना तंबाखूचा वास आला, तरी नाकाला रुमाल लावणाऱ्या. डॉक्टर तरुण मुलगी होती आणि बाहेर गर्दी मावत नव्हती. तिनं बॅटरी मारून विचारलं, "अम्मा, तंबाकू? गुटखा? बीड़ी?"

"नहीं जी," मावशी म्हणाली. "बस, मिसरी लगाती हूँ."

डॉक्टर हसली. "मिसरी लगाओगी तो दाँत सड़ेंगे ही ना! मीठा बंद करो." हिंदीत मिसरी म्हणजे खडीसाखर. चट्टा म्हणजे दात लागून आलेला फोड, असं म्हणून तिनं मलम लिहून दिलं.

मला एकच वाक्य बोलायचं होतं. मागे मॅडम उभ्या होत्या. मी कागद घेतला आणि "थँक्यू" म्हणाले.

पुढे चार महिने गेले. लवंगेच्या तेलानं ठणका थांबायचा, म्हणून बरं वाटतंय असं आम्ही धरून चाललो. एवढं बरं असतं तर तेल रोज लागलं नसतं, हे मला कळायला हवं होतं. जबडा सुजला, तेव्हा तिच्या नवऱ्यानं, काकांनी, तिला मोठ्या हॉस्पिटलात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी नीट खोदून विचारलं. काकांनी मिसरीची डबी पुढे केली. डॉक्टरांनी ती हुंगली आणि नुसती मान हलवली. कॅन्सर गळ्यातल्या गाठींपर्यंत पोचला होता.

ऑपरेशनच्या आदल्या दुपारी मी तिच्याजवळ एकटी होते. मी सगळं सांगितलं. डॉक्टरला खडीसाखर वाटली होती, मला ते कळलं होतं, मॅडमसमोर लाज वाटली म्हणून मी गप्प बसले. मावशी थांबत थांबत बोलली.

"अगं, वीस वर्षं दिल्लीत काढली मी. मिसरी म्हंजे खडीसाखर, हे मला कळत न्हाई व्हय? कळलं की मला बी."

"मग बोलली का नाहीस?"

"मला बी लाज वाटली. म्हटलं, तू सांगशील. तू काय बोलली न्हाईस." तिनं जरा दम घेतला. "मग वाटलं, शिकलेली पोर हाय. ही गप हाय, म्हंजे काळजीचं काय नसंल."

 

ऑपरेशननंतर तिला बोलता आलं नाही. पाटी दिली होती, पण लिहिणं तिला जमायचं नाही. नर्सनं तोंड पुसायला घेतलं की ती हातानं थांबवायची आणि आधी नर्सच्या तोंडाकडे बोट करून तिला हसायला लावायची. पाच आठवड्यांनी ती गेली. काका क्वार्टर सोडून गावी गेले.

नंतर एका सकाळी रजा टाकून मी त्या दातांच्या विभागात गेले. तीच मुलगी होती. मी हिंदीत सांगितलं की आमच्याकडच्या बायका मिसरी म्हणतात ती साखर नसते, भाजलेली तंबाखू असते. मावशीचं नाव सांगितलं. तिला ते आठवेना. रोज दीडशे माणसं बघणाऱ्या मुलीला कसं आठवणार? तिनं तो शब्द वहीत लिहून घेतला, त्याच्याखाली दोनदा रेघ ओढली. मग पेन ठेवून माझ्याकडे बघितलं.

"आप साथ थीं? तो उसी दिन बता देतीं ना."

"हां," मी म्हणाले. "उसी दिन बताना था."