वेबसाइटवरची मुलगी

कूलरच्या ओल्या वाळ्याचा वास आला की दुष्काळातलं आमच्या संस्थेचं औरंगाबादचं ऑफिस आठवतं. वेबसाइटवर आणि देणगी मागणाऱ्या प्रत्येक ईमेलमध्ये दौलताबादकडची एक मुलगी रिकामा हंडा घेऊन उभी असे. एका दुपारी तिची आई आली. “लेक तापात गेली, साहेब. तिला आता पाणी मागायला लावू नका.” साहेब म्हणाले, “मावशी, तिच्या फोटोमुळंच तुमच्याकडं टँकर येतो.” “मग माझा लावा की!” देणगी लहान चेहऱ्यालाच मिळते, हे साहेबांनीच आम्हाला शिकवलं होतं. मी संतापून त्यांच्यादेखत वेबसाइटवरून फोटो काढून टाकला. “सगळीकडून गेली का?” तिनं विचारलं. पाठवलेले ईमेल परत घेता येत नाहीत. माझ्या नावानं गेलेल्या त्या ईमेलला परवा एका देणगीदाराचं उत्तर आलं, “मुलगी आता कितवीत आहे?”