डबल शॉकअप

गावात कोणाची नवी सायकल आली की लोक हॅन्डल बघायचे, घंटी वाजवायचे. मारोतीभाऊ सरळ मागच्या कॅरिअरवर जाऊन बसायचे आणि मालकालाच हुकूम सोडायचे, "चालव. त्या खड्ड्यातून ने." परत आले की कंबर चोळत म्हणायचे, "नाई जमत." जसा काही सासऱ्यानं आंदणात दिलेला माल! मुलचेऱ्याकडच्या त्या जंगलातल्या गावात मी नवा मास्तर होतो. मला वाटलं, माणूस थोडा सटकलेला आहे.

तसं नव्हतं. मारोतीभाऊ तलावातली मासोळी धरून विकायचे. त्यांच्या बायकोला, वेणूबाईंना, जन्मापासून सिकलसेल. दुखणं उठलं की हाडंन् हाड ठणकायचं आणि जरासा धक्का बसला तरी त्या किंचाळायच्या. गडचिरोलीच्या दवाखान्याची एसटी पक्क्या रस्त्यावर मिळे, आणि तिथवर काही कोसांची जंगलवाट, नुसती मुळं आणि दगड. गावात ना जीप, ना फटफटी. एकदा भाऊंच्या जुन्या सायकलच्या कॅरिअरवर त्या वाटेतच बेशुद्ध पडल्या. बैलगाडीचं तर नावच काढायचं नाही. "बंडी माही हाडं मोजते," असं त्या म्हणायच्या.

तेव्हा शॉकअपच्या, म्हणजे धक्का गिळणाऱ्या स्प्रिंगच्या सायकली नव्यानं निघाल्या होत्या. गडचिरोलीच्या दुकानात भाऊंनी मला सोबत नेलं. एका सायकलला नुसतं पुढे शॉकअप, पण मागे कॅरिअर बसत होतं. दुसरी डबल शॉकअपची, तिला कॅरिअर बसतच नव्हतं.

"भाऊ, पयली घ्या," मी म्हटलं. "वेणूबाईले बसवाचं हाये ना?"

"समोरचा झटका मी खाईन, मास्तर. मागचा कोन खाइन? तेच ना बिचारी!"

"मंग दुसरीवर कुठी बसवाल?"

"सीटवर. मी पायी चालीन."

आणि खरंच तसं सुरू झालं. वेणूबाई सीटवर, आणि भाऊ एका हातानं हॅन्डल, दुसऱ्यानं त्यांची पाठ धरून चालताहेत. गावाला काय, हसायला निमित्तच पाहिजे. वेणूबाईही कमी नव्हत्या. "लग्नात हे घोड्यावर होते, आता माही वरात," असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या. दोन वर्षं त्या वाटेवर त्यांचं किंचाळणं मी ऐकलं नाही. भाऊ म्हणायचे, "उशिरा पोचू, पन सुखानं पोचू."

मग एका सकाळी वेणूबाईंना ताप भरला आणि छातीत कळा सुरू झाल्या. श्वास पुरेना. मी माझी साधी सायकल घेऊन धावलो. "भाऊ, माह्या सायकलवर घ्या, लवकर जाऊ."

भाऊंनी बायकोकडे पाहिलं. "नाई. धक्क्यानं मरन ते."

त्यांना डबल शॉकअपच्या सीटवरच बसवून मी एका बाजूनं धरलं, भाऊंनी दुसऱ्या. वेणूबाईंची मान सारखी कलंडत होती, म्हणून पळताही येईना. पक्क्या रस्त्यावर पोचलो तेव्हा एसटी नुकतीच गेली होती. दुसरी दुपारी होती. वेणूबाई तोवर थांबल्या नाहीत. मोहाच्या झाडाखाली, भाऊंच्या मांडीवर गेल्या. मी आयुष्यात इतका हतबल कधी झालो नाही.

त्यानंतर भाऊ रोज शाळा सुटल्यावर यायचे. व्हरांड्यात बसायचे आणि एकच विचारायचे, "मास्तर, ते कॅरिअरवाली सायकल घेतली असती तं गाडी भेटली असती का?"

"नाई, भाऊ."

"आन् गाडी भेटली असती तं वाचली असती का?"

"नाई."

मला काय ठाऊक? मी डॉक्टर थोडाच आहे! पण हे ऐकलं की ते उठायचे, घरी जायचे आणि निदान चार घास खायचे. पुढे असं दीड वर्ष चाललं. मग माझी नागभीडला बदली झाली. निरोपाला सगळं गाव पक्क्या रस्त्यापर्यंत आलं होतं. एसटी हलली तसे भाऊ खिडकीचा गज धरून सोबत चालू लागले.

"मास्तर," ते म्हणाले, "आता मले 'नाई' कोन म्हनन?"